लांबी

साताप्पा गुरव पाटगावहून पहिल्या एसटीनं येतो,
मांडीवर कडीचा डबा, डब्यात वर्तमानपत्राची पुडी,
पुडीत काळपट कपच्या,
गोवरीचा चुरा म्हणून कुणीही चुलीत सारील अशा.
"घ्या बाई. देवळाच्या भिंतीतली लांबी."

लांबी हा त्याचा शब्द. आधी तो चौकटी बसवायचा.
सातेरी माशी असल्या फंदात पडत नाही, म्हणतो,
ही पोयाची, तिळाएवढी,
नांगी नाही तिला.
झाडाला जखम झाली की तिथला चीक पायावर आणते,
मेणात मळते, आणि फट दिसेल तिथं भरते.
गेल्या साली एक भुंगेरा आत शिरला,
तर जिवंतच लिंपला त्याला.
नांगी नसलेल्यानं दुसरं काय करावं?

मी कपच्या अल्कोहोलात बुडवते.
आठ दिवस काळ्या बाटलीत, कपाटात.
नवव्या दिवशी अर्क उतरतो
पावडर जास्त पडलेल्या चहासारखा.
पट्टीवर त्याचा एक थेंब,
मग दिवा घालवून जांभळा उजेड,
आणि पट्टीवर गावं लागतात:
इथे फ्लेवोनॉइड, पिवळं,
खाली फिनॉलिक आम्लं, निळसर, गर्दी करून,
वरच्या टोकाला टर्पीन.
आणि मधे एक ठिपका,
ज्याचं नाव माझ्याजवळच्या कुठल्याच नमुन्याशी जुळत नाही.
वहीत मी त्याला 'अमुक' लिहिलंय.

काचेच्या ताटलीत जंतूंचं दाट साय धरलेलं रान,
मधोमध अर्कात भिजलेली कागदाची टिकली.
सकाळी टिकलीभोवती स्वच्छ रिंगण.
अठरा मिलिमीटर. मी तीनदा मोजलं.
खिडकीतून राजाराम तलाव दिसत होता,
मला कुणालातरी हाक मारावीशी वाटली.

साताप्पानं ताटली उजेडाला धरली, बराच वेळ.
मग विचारलं,
"हौसाक्काच्या तोंडाला चालंल?"

तिचे शेक चालू आहेत. तेहेतीसपैकी एकवीस झाले.
गाल आतून सोललाय. पाणीसुद्धा झोंबतं.

मी म्हटलं, ताटली म्हणजे तोंड नव्हे.
म्हटलं, माणसांवर थोडे प्रयोग झालेत, लहान लहान,
काहींना आराम पडला,
काहींचे ओठ सुजले.
म्हटलं, ह्यात अल्कोहोल आहे, आग होईल,
डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.
सगळं खरं होतं.
तो मान हलवत राहिला,
गिऱ्हाईक भाव पाडतं तेव्हा हलवायचा तशी.

पुढच्या गुरुवारी शेक घेऊन दोघं परस्पर इकडेच आली.
हौसाक्का स्टुलावर बसली, पदर तोंडाशी.
"मी औषध मागायला न्हाई आलो, बाई," म्हणाली,
शब्द जिभेनं जपून उचलत.
"मी वास घ्यायला आलो. ह्यो म्हनतोय, देवळाचा वास येतो."

मी पुडी पुढं केली.
तिनं कपची चिमटीत चोळली, नाकाशी नेली, डोळे मिटले.
यंत्राला इतका वेळ लागला असता
तर मी ते दुरुस्तीला पाठवलं असतं.

"राळधूप," ती म्हणाली.
"वरच्या पठाराला व्हतं झाड. माझ्या लग्नात तोडलं,
मांडवाला न्हाई, रस्त्याला."

साताप्पा म्हणाला, "मग ह्यात कसा वास?"

ती हसली असावी. पदराआड कळलं नाही.
"म्हंजे अजून एक हाय कुठंतरी.
ह्यास्नी ठावं हाय. आपल्यास्नी न्हाई."

पाच वीसची गाडी होती. ती गेली.
अहवालात 'माणसावरील परिणाम' हा रकाना
मी कोराच ठेवला.
वहीत मात्र 'अमुक'च्या पुढं
पेन्सिलीनं लिहिलं: राळधूप?
आणि प्रश्नचिन्ह खोडायला रबर शोधत बसले,
मग नाही खोडलं.

रात्री जेवताना बोटांना तोच वास.
दोनदा साबण लावला होता.